नाकातून दुर्बिणीने पीयूषिका ग्रंथीची गाठ काढताना: घरच्या माणसांसाठी क्रमवार माहिती

तासगाव तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी चालू असताना दादांच्या हातून ओळीच्या दोन्ही कडांच्या काड्या तशाच राहू लागल्या. समोरची काडी अचूक कापली जायची, कडेची मात्र त्यांना दिसायचीच नाही. त्याच महिन्यात ट्रॉली दोनदा फाटकाला घासली आणि सांगलीच्या बाजारात समोरून येणाऱ्या माणसांच्या खांद्यांना ते धडकू लागले. वर्षभरात आम्ही दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. ज्यांनी डोळे तपासले त्यांनी तक्त्यावरची अक्षरे वाचून घेतली, दादांनी ती जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि डोळे ठीक असल्याचे ठरले. कडेची नजर कोणीच तपासली नाही. अखेर एमआरआय झाला तेव्हा पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीची गाठ ३४ मिलिमीटरची झाली होती. ती वर दृष्टिनाड्यांना टेकली होती आणि डावीकडे कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या जाळ्यात शिरली होती.

त्या दिवसापासून पुढची दोन वर्षे मी एक वही ठेवली. त्या वहीतले जे दुसऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल ते येथे क्रमाने मांडतो आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो, पण त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचे आणि काय विचारायचे हे घरच्यांना आधी माहीत असले तर बराच वेळ वाचतो.

ग्रंथी कोठे असते आणि गाठ ‘शिरते’ म्हणजे काय

शरीरातल्या अनेक संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) ताबा ठेवणारी पीयूषिका ग्रंथी हरभऱ्याएवढी असते आणि तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम भरते. नाकाच्या पोकळीच्या अगदी मागे, कवटीच्या तळाशी जे जतुकास्थी नावाचे हाड आहे, त्यातल्या लहानशा खळग्यात ती बसलेली असते. खळग्याच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नाड्या एकमेकींना ओलांडतात. तेथे खालून दाब आला की दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर आधी जाते. खळग्याच्या दोन्ही अंगांना कॅव्हर्नस सायनस हे शिरांचे जाळे आहे. त्यातून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी जाते आणि डोळे हलवणाऱ्या तीन नाड्या व चेहऱ्याच्या संवेदनेच्या नाडीच्या दोन शाखाही तेथूनच जातात.

ग्रंथी आणि हे जाळे यांच्यामधला पडदा फार पातळ असतो. गाठ तो भेदून बाजूला गेली, किंवा खालच्या हाडात उतरली, की अहवालात तिला ‘इन्व्हेजिव्ह’ म्हणतात. हा शब्द वाचून आमच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही, कारण सर्वांनी त्याचा अर्थ कर्करोग असा घेतला. तो अर्थ चुकीचा आहे. या गाठी बहुतांशी अडेनोमा प्रकारच्या, म्हणजे ग्रंथीच्या पेशींच्या पण कर्करोग नसलेल्या, असतात आणि शिरलेल्या गाठीही सहसा शरीरात इतरत्र पसरत नाहीत. पीयूषिकेचा खरा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. शिरलेली गाठ त्रास देते ती तिच्या जागेमुळे, कारण धमनी आणि नाड्या यांच्या कुशीत बसलेला भाग प्रत्येक वेळी सुखरूप काढता येत नाही.

पहिली पायरी: संशय आला की नजरेचा परीघ तपासणे

घरी एक साधी चाचणी करता येते. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसावे. त्याने डावा डोळा झाकला तर आपण आपला उजवा झाकावा आणि दोघांनी एकमेकांच्या उघड्या डोळ्यात पाहत राहावे. मग दोघांच्या बरोबर मध्ये, कानाच्या बाजूने, हलते बोट सावकाश आत आणावे. आपल्याला बोट दिसू लागल्यावर बराच वेळ रुग्ण ‘दिसले’ म्हणत नसेल, आणि दुसऱ्या डोळ्यालाही तसेच होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ‘पेरिमेट्री’ करून घ्यावी. ही यंत्रावरची परीघ तपासणी असते. घरची चाचणी केवळ कच्ची आहे, ती बिनचूक निघाली म्हणून संशय सोडू नये.

इतर खुणाही आहेत. स्त्रियांची पाळी बंद होऊन बाळंतपण नसताना स्तनातून दूध येणे, पुरुषांची कामेच्छा मावळणे, बोटातली अंगठी आणि पायातली चप्पल काही वर्षांत लहान होत जाणे, चेहरा गोल होऊन पोटावर जांभळे चट्टे उमटणे, कारण सापडत नाही असा थकवा येणे. एकदम कवटी फुटेल असे डोके दुखून उलट्या झाल्या आणि नजर अंधुक झाली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता मेंदूविकाराची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी निघावे.

दुसरी पायरी: शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रक्ताचे अहवाल

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त जोर देईन. एमआरआयमध्ये गाठ दिसली की घरच्यांचे लक्ष थेट ऑपरेशनकडे जाते, परंतु एका प्रकारच्या गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशनची गरजच नसते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तयार करणारी गाठ, मग ती मोठी आणि बाजूला शिरलेली का असेना, कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनी आकसते. या गोळ्या सहसा आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या असतात, आणि नजरही पुष्कळदा काही आठवड्यांत सुधारू लागते. म्हणून प्रोलॅक्टिनचा अहवाल हाती आल्याशिवाय तारीख पक्की करू नये. मात्र कवटीच्या तळात शिरलेली गाठ गोळ्यांनी भराभर आकसली तर तिने बुजवलेले भोक उघडे पडते आणि नाकातून मेंदूभोवतीचे पाणी गळू शकते. गोळ्या चालू असताना नाकातून पाण्यासारखे थेंब पडू लागले तर लगेच कळवावे.

प्रोलॅक्टिनच्या आकड्यात दोन फसगती आहेत. गाठ फार मोठी असून आकडा मात्र थोडासाच वाढलेला असेल, तर नमुन्यात प्रोलॅक्टिन इतके जास्त असू शकते की यंत्रच चुकीचा, कमी आकडा दाखवते. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा तपासण्याची विनंती करावी. दुसरी फसगत उलट दिशेची आहे. पित्ताच्या ज्या गोळ्यांमध्ये डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते त्या गोळ्यांनी, आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही, प्रोलॅक्टिन वाढते. आपल्याकडे पित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेतली जाते आणि तिला कोणी औषधात मोजत नाही. घरातली प्रत्येक पट्टी, आयुर्वेदिक चूर्णासकट, पिशवीत घालून संप्रेरकतज्ज्ञांपुढे ठेवावी. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

बाकीच्या तपासण्यांत सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल (शरीरात तयार होणारे स्टेरॉइड), थायरॉइडसाठी फ्री टी-४ व टीएसएच, वाढीच्या संप्रेरकासाठी आयजीएफ-१, प्रजननाच्या संप्रेरकांसाठी एलएच, एफएसएच, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, तसेच सोडियम आणि साखर एवढ्या येतात. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाले तर स्टेरॉइडची गोळी आधी सुरू होते आणि थायरॉइडची नंतर. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते. दादांना थायरॉइडची चिठ्ठी एकीकडून आणि कॉर्टिसॉलचा अहवाल दुसरीकडून मिळाला होता. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले म्हणून हे लक्षात आले.

तिसरी पायरी: एमआरआयचा अहवाल वाचणे

१० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला मायक्रो, त्याहून मोठीला मॅक्रो आणि ४० मिलिमीटरच्या पुढच्या गाठीला जायंट म्हणतात. बाजूला शिरण्याचे मोजमाप नॉस्प श्रेणीने होते. ही पद्धत १९९३ साली प्रसिद्ध झाली. समोरून घेतलेल्या चित्रात कॅरॉटिड धमनीच्या वरच्या व खालच्या छेदांना जोडणाऱ्या तीन रेषा आखतात: आतल्या कडेची, मधली आणि बाहेरच्या कडेची. गाठ आतल्या रेषेच्या अलीकडे असेल तर श्रेणी ०, मधल्या रेषेपर्यंत १, बाहेरच्या रेषेपर्यंत २, तिच्या पलीकडे ३, आणि धमनीला पूर्ण वेढा पडला असेल तर ४. श्रेणी ४ मध्ये कॅव्हर्नस सायनसमधला सगळा भाग निघण्याची शक्यता फार कमी असते.

‘गाठ पूर्ण निघेल का?’ हा प्रश्न आम्ही पहिल्या भेटीत तीनदा विचारला. वृद्ध सर्जनांनी कागदावर धमनी काढली, तिच्याभोवती पेन्सिलीने करडा रंग भरला आणि त्यातला एक कोपरा तसाच सोडून ते म्हणाले, ‘हा मी ठेवणार आहे.’ त्यानंतर आमचे प्रश्न बदलले. शिरलेल्या गाठीच्या बाबतीत विचारावे ते असे: या ऑपरेशनचे पहिले उद्दिष्ट काय, नजर वाचवणे की संप्रेरक आटोक्यात आणणे? कोणता भाग जाणूनबुजून ठेवला जाईल? त्या भागावर पुढे लक्ष ठेवायचे, गोळ्या द्यायच्या की किरणोपचार? गाठ संप्रेरक तयार करत नसेल तर दृष्टिनाडीवरचा दाब पूर्ण उतरवून बाजूचा तुकडा ठेवणे हा बऱ्याचदा सुज्ञ निर्णय असतो. गाठ वाढीचे संप्रेरक किंवा एसीटीएच (कॉर्टिसॉल वाढवणारे संप्रेरक) तयार करत असेल तर थोडासा उरलेला भागही आजार चालू ठेवतो, म्हणून तेथे अनुभवी सर्जन बाजूचा पातळ पडदाही काढण्याचा विचार करतात. उलट, ‘सध्या थोडीशी काढून पाहू’ हा मार्ग जायंट गाठीत धोक्याचा ठरू शकतो, कारण वर उरलेला मोठा भाग सुजून किंवा त्यात रक्त साकळून नजर अधिक बिघडू शकते.

चौथी पायरी: रुग्णालय निवडणे

सांगली-मिरजेच्या माणसाला दवाखान्यांची कमतरता नाही. मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटलची परंपरा आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पुण्याची गाडी मिरज जंक्शनवरून मिळते. प्रश्न अंतराचा कमी आणि चमूचा जास्त असतो. ही शस्त्रक्रिया कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदूचे सर्जन असे दोघे मिळून, चार हातांनी करतात. ते दोघे एकत्र नेहमी काम करतात का, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, संप्रेरकतज्ज्ञ रुग्णालयात रोज येतात का, सोडियमचा अहवाल रात्रीसुद्धा तासाभरात मिळतो का, आणि धमनीला इजा झाल्यास आतून उपचार करणारी कॅथलॅब त्याच इमारतीत आहे का, हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करावी. तिचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार आणि एमआरआयचा अहवाल दाखवून आपली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली मंजूर होते का, हे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. योजनेचा दूरध्वनी १५५३८८ हा आहे.

भरती होण्याआधी अ‍ॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे लिहून घ्यावे. सर्दी किंवा सायनसचा संसर्ग असेल तर तो लपवू नये, तारीख पुढे गेली तरी चालेल. तपकीर ओढायची सवय असेल तर ती त्याच दिवशी सोडावी. ज्यांना वाढीच्या संप्रेरकाची गाठ आहे त्यांची जीभ आणि जबडा मोठा असतो, भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते आणि हृदयावरही परिणाम झालेला असू शकतो. त्यामुळे भूलतज्ज्ञांची भेट त्यांनी चुकवू नये.

पाचवी पायरी: आत काय होते

नाकातून पीयूषिकेपर्यंत जाण्याची कल्पना जुनी आहे. १९०७ साली इन्सब्रुक येथे श्लोफर यांनी नाक बाहेरून बाजूला करून पहिली गाठ काढली. दुर्बीण १९९० च्या दशकात रुळली. चेहऱ्यावर टाका पडत नाही, दोन्ही नाकपुड्या वाटेसाठी वापरल्या जातात आणि मोठ्या गाठीला तीन ते पाच तास लागतील असे धरून चालावे.

प्रथम अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांनी नाकाचे आतले अस्तर आकसवतात, म्हणजे रक्त कमी येते. नाकाच्या पडद्याचा मागचा थोडा भाग काढून जतुकास्थीच्या पोकळीचे दार मोठे करतात. त्या पोकळीतले पातळ पडदे पुष्कळदा थेट कॅरॉटिडवरच्या हाडाला चिकटलेले असतात, म्हणून ते ओढत नाहीत, घासून काढतात. याचसाठी एमआरआयबरोबर नाकाच्या सायनसचा सीटी स्कॅनही करतात. मग ग्रंथीच्या खळग्याचे तळाचे हाड ड्रिलने पातळ करून उघडतात आणि डॉप्लर या ध्वनिलहरींच्या बारीक यंत्राने धमनीचा आवाज ऐकून ती नेमकी कोठे आहे याची खात्री करूनच आतले आवरण कापतात.

गाठ काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तळाचा भाग, मग बाजूंचा आणि सर्वांत शेवटी वरचा. वरचा आधी काढला तर छतासारखा पडदा खाली लोंबतो आणि त्यामागे बाजूचे तुकडे झाकले जातात. मऊ गाठ चोषकाने निघते, चिवट गाठ तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते. समोरची जागा मोकळी झाल्यावर ३० अंशांची तिरकी दुर्बीण घालून कॅव्हर्नस सायनसच्या कोपऱ्यात पाहतात. नाकातून काम करण्याचा खरा फायदा येथे मिळतो, कारण सूक्ष्मदर्शकाची नजर सरळ जाते आणि कोपरा तिला दिसत नाही.

शेवटी भोक बुजवतात. मेंदूभोवतीचे पाणी आले असेल तर मांडीतून घेतलेली चरबी व पांढरा पडदा लावून त्यावर नाकाच्या पडद्याचे जिवंत अस्तर रक्तवाहिनीसकट वळवून पांघरतात. अर्जेंटिनातल्या सर्जनांनी मांडलेली ही पद्धत २००६ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे मोठ्या भोकातून पाणी गळण्याचे प्रमाण बरेच खाली आले. म्हणूनच मांडीवर लहान जखम दिसली तर घाबरू नये, दादांना नाकापेक्षा तीच जास्त दुखली.

धोके सहीच्या कागदावर असतात, ते वाचून घ्यावे: पाणी गळणे, मेंदूच्या आवरणाचा दाह, संप्रेरकांची कायमची कमतरता, काही काळ दोन-दोन दिसणे, वास कमी होणे. धमनीची इजा अनुभवी हातांत शंभरात एकाहूनही कमी वेळा होते, पण झाली तर गंभीर असते.

सहावी पायरी: रुग्णालयातले पहिले दिवस

पहिल्या दोन दिवसांत घरच्या माणसाने करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम म्हणजे पाण्याचा हिशेब ठेवणे. आम्ही मापाच्या रेषा असलेला प्लॅस्टिकचा जग घेतला आणि वहीत तीन रकाने पाडले: वेळ, प्यायलेले पाणी, झालेली लघवी. पहिल्या रात्री दोन वाजता ३५० मिलिलिटर, तीन वाजता ४०० आणि चार वाजता ४२० असे आकडे आले, लघवी नळाच्या पाण्यासारखी पांढरी होती आणि दादा तहानेने ओठ चाटत होते. सलग दोन-तीन तास, दर तासाला अडीचशे-तीनशे मिलिलिटरच्या वर लघवी झाली तर परिचारिकेला उठवावे. पाणी धरून ठेवणारे संप्रेरक कमी पडल्याने हे होते. डेस्मोप्रेसिनने ते आटोक्यात येते आणि बहुतेकांत काही दिवसांत थांबते.

नाकात बोळे असल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो, ओठांना तूप लावावे. रक्तमिश्रित शेंबूड काही दिवस येतो. परंतु पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्याचे स्वच्छ थेंब टपकणे, किंवा घशात खारट पाणी उतरल्यासारखे वाटणे, हे पाणी गळण्याचे लक्षण असू शकते. त्याबरोबर ताप, मान ताठरणे किंवा उजेड सहन न होणे असेल तर एक तासही थांबू नये.

सातवी पायरी: घरी आल्यावर

घरी आल्यावर पहिल्या आठवड्याच्या आसपास एक वेगळाच धोका येतो आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान शरीर पाणी जास्त धरून ठेवू लागते आणि रक्तातले सोडियम खाली घसरते. भेटायला येणारी मंडळी प्रेमाने शहाळी आणतात, ‘भरपूर पाणी पी’ असे सांगतात आणि नेमके तेच या दिवसांत घातक ठरते. सातव्या दिवशी दादा सकाळपासून गप्प होते, दुपारी जेवण नको म्हणाले आणि वहिनींनी हाक मारल्यावर उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. सोडियम १२१ निघाले, ते १३५ ते १४५ असायला हवे. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती, गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासावे, आणि काही दिसले नाही तरी सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी ठरवूनच घरी यावे. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांकडून लिटरमध्ये लिहून घ्यावे.

चार ते सहा आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. खाली वाकणे, कुंथणे आणि जड उचलणे टाळावे, बद्धकोष्ठासाठी औषध मागून घ्यावे. द्राक्षाचा क्रेट उचलायचा नाही, फवारणीला जायचे नाही, हळद दळण्याच्या जागी उभे राहायचे नाही. कपालभाती, शीर्षासन, जलनेती आणि कृष्णेत पोहणे डॉक्टर सांगतील तोवर बंद. नाक धुण्याचे मिठाचे पाणी कधी सुरू करायचे ते कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतात, ते उकळून गार केलेल्या पाण्यातच करावे. पेरिमेट्री पुन्हा होऊन परवानगी मिळेपर्यंत मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दोन्ही दुसऱ्याच्या हाती द्यावेत.

स्टेरॉइडची गोळी चालू ठेवली असेल तर ती एक दिवसही चुकवू नये. आमच्याकडे आषाढी एकादशीला घर निराहार असते आणि दादांनी त्या सकाळी गोळी बाजूला ठेवली होती. वहिनींनी ती पाण्याच्या घोटाबरोबर समोर उभे राहून घ्यायला लावली. ताप आला तर डोस किती दिवस दुप्पट करायचा हे लिहून ठेवावे. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागते. त्याची बाटली घरात असावी आणि गावातल्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवावी. खिशात ‘मला स्टेरॉइड चालू आहे’ असे लिहिलेले कार्ड असावे.

आठवी पायरी: उरलेल्या गाठीवर लक्ष

काढलेल्या तुकड्याचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. त्यात गाठीचा प्रकार आणि पेशी किती वेगाने वाढत आहेत हे दाखवणारा केआय-६७ हा आकडा पाहावा. तो ३ टक्क्यांहून जास्त असेल तर डॉक्टर एमआरआय लवकर-लवकर मागतात. साधारण तीन महिन्यांनी पहिला एमआरआय होतो. त्याआधी केला तर चरबी, रक्त आणि सूज यांत उरलेली गाठ ओळखणे कठीण जाते. पुढे सहसा वर्षातून एकदा.

उरलेला भाग वाढू लागला, किंवा संप्रेरक आटोक्यात आले नाही, तर औषधे, दुसरी शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी असे मार्ग असतात. रेडिओसर्जरीत किरण एका बिंदूवर एकवटतात, त्यासाठी गाठ आणि दृष्टिनाडी यांच्यात साधारण ३ मिलिमीटर मोकळी जागा असावी लागते. पहिल्या शस्त्रक्रियेत वरचा भाग नीट मोकळा करण्याचे हे दुसरे कारण आहे. किरणांचा परिणाम दिसायला महिने, कधी वर्षे लागतात आणि त्यानंतर संप्रेरके हळूहळू कमी होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणी दरवर्षी चालूच राहते.

एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच पद्धतीने करावा. जाताना मागचा छापील अहवाल पुरत नाही, मागच्या सगळ्या सीडी न्याव्यात. गाठ वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढत असेल तर मागच्या वर्षाशी तुलना करताना ते निसटते आणि पहिल्या सीडीशी तुलना केली तरच दिसते. दादांच्या डाव्या बाजूचा तो ठेवलेला कोपरा दुसऱ्या वर्षी पहिल्या सीडीशेजारी लावून मोजला, तो होता तेवढाच होता. त्या ऑक्टोबरच्या फळ छाटणीत कडेच्या काड्या त्यांनी स्वतः कापल्या.